घोडबंदर रोडवरच्या पाच बस

सकाळचे सव्वासात. ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या थांब्यावर मी उभा आहे. बोरिवलीच्या दिशेने जाणारी पंचवीस-तीस माणसं शेडखाली मावत नाहीत म्हणून पसरत पसरत रस्त्यावर आली आहेत. रस्त्याच्या मधोमध मेट्रो 4 चे खांब, खाली धूळ, आणि गुजरातकडे निघालेल्या ट्रेलरची न संपणारी रांग. बस येते ती ट्रेलरच्या आडून. तिची पाटी वाचायला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. कुणीतरी ओरडतं, "आली, बोरिवली आली!" आणि रांग मोडून माणसं पुढे धावतात.

सगळी नाही धावत. निम्मी माणसं जागची हलत नाहीत. त्यांनाही बोरिवलीकडेच जायचं आहे, बसमध्ये जागाही आहे, तरी ती नुसती बघत राहतात. बस दार लावून निघून जाते.

माझ्या शेजारी एक आजी आहेत. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत दहिसरच्या मुलीसाठी काहीतरी डब्यात बांधून घेतलेलं. डब्याला तेल लागू नये म्हणून वर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलाय.

"आजी, ही दहिसरवरूनच जाते. बसला नाहीत?"

"आपली नव्हे ती."

"आपली म्हणजे?"

"ठाण्याची. ठाण्याच्या बसला मला तिकीट पडत नाही. एसटी आली तर अर्धं पडतं. ही आता गेली ना, तिला पूर्ण." त्या पिशवीच्या कप्प्यातून आधार कार्ड काढून मला वय दाखवतात. अडुसष्ट. "थांबायला काय जातंय? वेळ आहे माझ्याकडे."

आजींचा हिशोब चोख आहे. ठाणे परिवहनच्या, म्हणजे टीएमटीच्या बसमध्ये साठीपुढच्या नागरिकांना प्रवास मोफत आणि महिलांना निम्मं भाडं. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना सरसकट निम्मं तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून मोफत. बेस्टमध्ये सुट्या तिकिटाला आजींना तरुणाइतकेच पैसे. प्रत्येक सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे आणि प्रत्येकीचा उपयोग आजी करून घेतात. पण या सवलतींची बेरीज अशी झाली आहे की एका म्हाताऱ्या बाईला, समोर तिच्या गावाची बस उभी असताना, धुळीत ताटकळत राहावं लागतं.

या एका थांब्यावरून पाच संस्थांच्या बस जातात. ठाण्याची टीएमटी, मुंबईची बेस्ट, नवी मुंबईची एनएमएमटी, मीरा-भाईंदरची एमबीएमटी आणि राज्याची एसटी. रस्ता एक, दिशा एक, थांब्याचा खांबही एक. पण पाच वेळापत्रकं, पाच भाडेपत्रकं, पाच प्रकारचे पास. मुंबई महानगर प्रदेशात मी इतक्या ठिकाणी उभा राहून बसची वाट पाहिली आहे, पण सगळं दुखणं एका जागी पाहायचं असेल तर घोडबंदर रोडसारखी जागा नाही.

आजींच्या पलीकडे पांढऱ्या बुटांतली एक तरुणी उभी आहे. काशिमीऱ्याजवळच्या रुग्णालयात परिचारिका आहे, आठला ड्यूटीवर हजर व्हायचं आहे. तिच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात ओळखपत्राच्या मागे पास आहे. मीरा-भाईंदरचा. तिला ठाण्याची बस चालत नाही, आजींना मीरा-भाईंदरची चालत नाही. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून एकाच दिशेला बघत वेगवेगळ्या बसची वाट पाहतायत.

"ताई, उशीर होत असेल तर दुसरी का नाही घेत?"

"घेते ना. महिन्यातून कितीदा तरी घेते. मग पासचे पैसे पण गेले आणि वरून तिकीटही काढलं." ती घड्याळ बघते. "सात चाळीसपर्यंत बघणार. मग रिक्षा."

तेवढ्यात ट्रेलरच्या मागून एकदम तीन बस येतात. एकामागोमाग एक, डबे जोडल्यासारख्या. तिन्ही बोरिवलीच्या. पहिली खच्चून भरलेली आहे, दारातला माणूस पायरीवर लोंबकळतोय. दुसरीत उभं राहायला जागा. तिसरीत चक्क बसायला जागा आहे, खिडक्याही रिकाम्या. तिन्हींची संस्था वेगळी. थांब्यावरची माणसं एका झटक्यात तीन तुकड्यांत वाटली जातात, कुणी पहिलीकडे, कुणी तिसरीकडे धावतं. आजींची बस त्यांत नाही. ताईंचीही नाही. मी खांद्यावर रंध्याची पिशवी अडकवलेल्या एका सुतारकाकांच्या मागे तिसऱ्या बसमध्ये चढतो. काकांचा कुठलाच पास नाही. येईल त्या बसला हात करायचा, पुरे पैसे मोजायचे. या रस्त्यावर सगळ्यांत लवकर पोहोचतो तो असा माणूस, आणि सगळ्यांत जास्त पैसेही तोच देतो.

कंडक्टर मशीन घेऊन मागून पुढे येतोय. पुढच्या बाकावर कॉलेजचा एक मुलगा आहे. तो पाकिटातून कार्ड काढून पुढे करतो. कंडक्टर ते हातातही घेत नाही.

"हे आपलं नाही."

"अहो, बसचंच आहे."

"बसचं आहे, पण त्यांच्या बसचं. आपल्या मशीनला लागणार नाही. यूपीआय कर, नाहीतर सुट्टे काढ."

मुलगा दुसरं कार्ड काढतो. मग पाकिटाचा तिसरा कप्पा उघडतो, त्यात मेट्रोचं कार्ड आहे. शेवटी तो फोन काढतो. नेट लागत नाही. मागच्या बाकावरच्या बाई वीस रुपये पुढे करतात, "घे बाळा, नंतर दे." कंडक्टरही काही कठोर माणूस नाही, तो तिकीट फाडून देताना म्हणतो, "माझ्या हातात असतं तर एकच ठेवलं असतं. आम्हाला पण डोकेदुखी. दर ट्रिपला चार जणांशी भांडण." मशीनचा चकचकीत पडदा तो बोटाने पुसतो. त्या पडद्यावर या बसच्या मार्गावरचे टप्पे एकाखाली एक आहेत. टप्पा निवडला की भाडं येतं. इतर चार संस्थांच्या मशीनमध्येही हेच थांबे आहेत, पण टप्पे आणि भाडं आपापलं.

पातलीपाडा जातो, वाघबीळ जातं. उंच इमारतींच्या रांगा लागतात. या सगळ्या वस्तीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेतं आणि गोदामं होती. घरं घेताना लोकांनी नकाशात ठाणं पाहिलं आणि नोकऱ्या मिळाल्या त्या मुंबईत, मीरा रोडला, ऐरोलीला, भिवंडीच्या गोदामांत. महापालिकांच्या हद्दी आखल्या तेव्हा माणसांनी आपापल्या शहरात राहावं आणि तिथेच काम करावं असं गृहीत होतं. मुंबईची बस सुरू झाली 15 जुलै 1926 ला, आणि 7 ऑगस्ट 1947 ला ती महापालिकेची झाली. तेव्हा हे ठीकच होतं. मग ठाण्याने 1989 मध्ये आपली काढली, नवी मुंबईने 1996 मध्ये, कल्याण-डोंबिवलीने 1999 मध्ये. पुढे मीरा-भाईंदर आली, वसई-विरार आली. प्रत्येक शहराने आपल्या नागरिकांसाठी बस काढली, आणि ते योग्यच केलं. महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत. भिवंडीसारख्या मोठ्या शहराचा भार शेजाऱ्यांच्या बस आणि एसटी वाहतात. पण या नवांच्या वरती, बसमधल्या माणसाचा पूर्ण प्रवास डोळ्यांपुढे ठेवून काम करणारं कुणी नाही.

नेमलं होतं. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण असावं असं सांगितलं, आणि 2008 मध्ये मुंबई महानगरासाठी असं प्राधिकरण शासन निर्णयाने स्थापनही झालं. पण त्याला कायद्याचा आधार दिला नाही. ज्या संस्थेच्या हातात ना पैसा, ना मार्ग ठरवण्याचा हक्क, ती बैठका घेऊ शकते. पास एक करू शकत नाही.

कासारवडवली, ओवळा मागे पडतात आणि गायमुखाला उजव्या हाताला खाडी दिसायला लागते. भरती आहे. पाणी खारफुटीच्या मुळांपर्यंत चढलंय. इथे ठाण्याची वस्ती संपते, घाटाचा चढ आणि जंगल लागतं, आणि नेहमीप्रमाणे बस थांबते. पुढे घाटात एक ट्रेलर बंद पडलाय म्हणतात. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. खिडक्या उघडतात. बोलण्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

माझ्या शेजारी खाकी पँटमधले, पन्नाशीचे एक गृहस्थ बसले आहेत. वाहतूक नियंत्रक आहेत, पुढच्या चौकीवर ड्यूटीला निघालेत. कुठल्या उपक्रमाचे ते इथे सांगायची गरज नाही, कारण ते जे सांगतात ते पाचही ठिकाणी तसंच आहे. मी त्यांना विचारतो, मघाशी तीन बस एकदम कशा आल्या?

"एकदमच सुटल्या असणार," ते शांतपणे म्हणतात. "सात वाजता ठाणे स्टेशनला दोन फास्ट गाड्या लागतात. पब्लिक बाहेर येतं. मग आमची ट्रिप सात-पाचला ठेवली. त्यांचीही सात-पाचला. तिसऱ्यांची सात-सातला. ज्याची गाडी पुढे, त्याला पॅसेंजर."

"मग दहा-दहा मिनिटांच्या अंतराने का नाही सोडत?"

"साहेब, मी दहा मिनिटं मागे घेतली तर माझं उत्पन्न तो नेणार. वरून मला विचारणार, किलोमीटरमागे कमाई का पडली? त्याने मागे घेतली तर त्याला विचारणार. म्हणून कुणीच मागे घेत नाही." ते खिडकीबाहेर बोट दाखवतात. खाली वळणावर आमच्या मागे आणखी दोन बस अडकल्या आहेत. "आता इथून पुढे अर्धा तास या रस्त्यावर एक गाडी येणार नाही. तुमच्या त्या मानपाड्यावरच्या लोकांना विचारा."

मला त्या ताई आठवतात. सात चाळीस होऊन गेलेत.

नियंत्रकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं तेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. पाच संस्था एकमेकींच्या वैरी नाहीत. पण प्रत्येकीची कमाई वेगळ्या गल्ल्यात पडते, आणि गल्ला वेगळा म्हणून वेळ जुळवण्यात प्रत्येकीचं नुकसान आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये 1965 साली नेमका हाच गुंता सोडवला गेला. भुयारी रेल्वे, सरकारी रेल्वे, बस आणि एल्बे नदीवरच्या बोटी चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांनी एक संघ स्थापन केला. संस्था आपापल्या राहिल्या, चालक-वाहक आपापले राहिले. पण भाडेपत्रक एक, वेळापत्रक एकमेकांना धरून, आणि तिकिटाचा पैसा एका ठिकाणी गोळा करून ठरलेल्या हिश्शाने वाटायचा. एकदा पैसा एका ठिकाणी गेला की पुढे धावण्याचं कारणच उरत नाही. मग दहा मिनिटांच्या अंतराने बस सोडणं सगळ्यांच्याच फायद्याचं होतं. पुढे युरोपातल्या अनेक शहरांनी हाच मार्ग धरला.

"पुण्यात तर सरळ एकच केली की," नियंत्रक म्हणतात. ते बरोबर आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 2007 मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के, आणि तूटही त्याच प्रमाणात भरायची. मी कात्रजहून निगडीला बसने गेलो आहे. बोपोडी संपते, बस मुळेवरच्या हॅरिस पुलावर चढते, दापोडीत उतरते. त्या पुलावर शहर बदलतं. बसमधल्या एकाही माणसाला त्याच्याशी कर्तव्य नसतं, कुणी पास बदलत नाही, कुणी उतरून दुसरी बस धरत नाही. पुण्यातही बस कमी पडतात, थांब्यांवर गर्दी असते, पुणेकर त्याबद्दल मनसोक्त बोलतात. पण हद्दीचा काच तिथे संपला, आणि तो संपवता येतो हे महाराष्ट्रातच सिद्ध झालं. ही गोष्ट मुंबईच्या चर्चेत फार कमी ऐकू येते, याचं मला वाईट वाटतं.

तरीही मुंबईच्या बाबतीत पुण्याची नक्कल आधी करू नये, असं माझं मत आहे. दोन संस्था आणि सहा-सात संस्था यांत फरक आहे. वेतनश्रेणी वेगळ्या, सेवाज्येष्ठता वेगळी, कुठे बस स्वतःच्या मालकीच्या, कुठे भाडेतत्त्वावर घेतलेल्या, कुठे आगारांच्या जमिनी सोन्याच्या भावाच्या. सगळ्यांना एका कंपनीत कोंबायचं म्हटलं की दहा वर्षं न्यायालयात जातील, आणि तोवर मानपाड्याच्या थांब्यावर काहीच बदलणार नाही. माणसांना एकत्रीकरण नको असतं, त्यांना येईल ती बस चालायला हवी असते. त्यासाठी आधी भाडं आणि पास एक करावा, पैसा एका ठिकाणी गोळा करावा. नियंत्रकांनाही हे पटतं, पण त्यांची एक भीती आहे.

"हिस्सा कोण ठरवणार? मोठा भाऊ सगळं खाणार."

ही भीती खरी आहे. मुंबई मोठी, मीरा-भाईंदर लहान. म्हणूनच वाटप कायद्याने ठरलेलं हवं. किती किलोमीटर बस चालवली आणि किती माणसं नेली, या दोन गोष्टींवर ते बेतता येतं. तिकीट यंत्रांत ही माहिती आजच रोज जमा होते.

घाट सुटतो. क्रेनने ट्रेलर बाजूला घेतलाय. बस उतरणीला लागते, चेण्याचा पूल ओलांडते आणि वर्सोव्याला, ज्याला सगळे फाउंटन म्हणतात तिथे, अहमदाबाद महामार्गाला मिळते. आता मीरा-भाईंदरची हद्द. बसमधल्या कुणाच्या हे ध्यानातही नाही. काशिमीऱ्याला निम्मी बस रिकामी होते. सुतारकाका उतरताना पिशवी सांभाळत मला म्हणतात, "संध्याकाळी परत हाच रस्ता. तेव्हा तर विचारू नका." नियंत्रकही उतरतात, चौकीकडे चालायला लागतात आणि जाता जाता हात वर करतात.

या थांब्याबाहेर रिक्षांची रांग आहे. बसच्या खिडकीतून मी एका रिक्षाचं मीटर पाहतो. 26 रुपये. 1 फेब्रुवारी 2025 पासून किमान भाडं 26 झालं आणि ते मुलुंडला 26, ठाण्याला 26, मीरा रोडला 26, कल्याणलाही 26. हे भाडं ठरवतं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण. एकाच आदेशाने साऱ्या महानगर प्रदेशातल्या रिक्षांचं भाडं एक झालं. कुठल्याही महापालिकेने हरकत घेतली नाही, कुठली अस्मिता दुखावली नाही. बेस्टची भाडेवाढही मंजुरीसाठी याच प्राधिकरणापुढे जाते. 9 मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला 10 आणि वातानुकूलित बसला 12 रुपये झालं, ते असंच. म्हणजे साऱ्या प्रदेशाचं भाडं एका टेबलावर ठरवण्याची सोय सरकारकडे आज आहे. ती सोय रिक्षावाल्याला लागू होते. बससाठी ती फक्त वेगवेगळी पत्रकं एकेक करून मंजूर करण्यापुरती वापरली जाते. हे बदलायला नवं ऑफिस नको, नवी इमारत नको.

काशिमीऱ्याहून पुढे महामार्गावर बस जोरात निघते आणि थोड्याच वेळात दहिसर चेक नाका येतो. मी इथे उतरतो. नाक्यावर मीरा-भाईंदरची एक बस वळून परत निघण्याच्या तयारीत आहे, तिच्या पलीकडे बेस्टच्या थांब्यावर रांग लागलीय. एका बसमधून उतरलेली माणसं रस्ता ओलांडून दुसऱ्या बसच्या रांगेत उभी राहतायत. मध्ये गाड्यांचा लोंढा आहे. पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई मुलाला काखेत घेऊन पळत येते, तोवर पलीकडची बस सुटते. ही बस त्या बसची वाट पाहत नाही, कारण ती येणार आहे हे तिला ठाऊकच नाही. मी त्या बाईशी बोलायला जातो तेव्हा ती नुसती मान हलवते, "रोजचंच आहे, भाऊ."

पुढे दहिसर पूर्वेचं मेट्रो स्थानक आहे. अंधेरी पश्चिमेकडे जाणारी मेट्रो 2ए आणि गुंदवलीकडे जाणारी मेट्रो 7 इथे मिळतात. वर जिन्यावर दोन मुली फोन पुढे धरून फाटकातून आत जातात. फोनवर 'मुंबई वन' आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या या ॲपमध्ये अकरा सेवा जोडल्या आहेत. मेट्रोच्या मार्गिका, मोनोरेल, नवी मुंबई मेट्रो, उपनगरी रेल्वे, बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी, कल्याण-डोंबिवली आणि मीरा-भाईंदर. एका क्यूआर कोडवर बस, मेट्रो आणि लोकल. मी त्यांतल्या एका मुलीला थांबवून विचारतो, सोपं झालं का? "खूप," ती म्हणते. "लाइन लावायला नको, सुट्टे नको." मग थोडं थांबून, "पैसे मात्र तेवढेच. बसचे, मेट्रोचे, ट्रेनचे, सगळे धरून."

हे काम चांगलं झालं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. अकरा संस्थांची यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली, हे काही लहान काम नाही. बोलू शकत नाहीत ही सबब आता संपली. पण तिकीट एका फोनवर आलं तरी भाडं प्रत्येकाचं वेगळं मोजून त्याची बेरीज होते. बदली घेणाऱ्या माणसाला दर बदलीला नव्याने किमान भाडं द्यावं लागतं. म्हणजे ज्याचं घर आणि नोकरी एकाच बसच्या मार्गावर आहे तो स्वस्तात जातो, आणि ज्याला दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, ज्याचे हाल आधीच जास्त, तोच जास्त पैसे मोजतो. वसई-विरारची बस आणि एसटी तर या यादीत नाहीतच. आणि मानपाड्याच्या आजींकडे साधा फोन आहे.

स्थानकाच्या जिन्यावरून खाली नाका पूर्ण दिसतो. मोटारी न थांबता सुसाट निघून जातायत. याच नाक्यावर पूर्वी मालाच्या गाड्या जकातीसाठी रांगेत उभ्या असत. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. मोटारींना टोल होता, तोही ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांसाठी मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर माफ झाला. व्यापाऱ्याच्या मालाला जकातीची हद्द उरली नाही, मोटारवाल्याला उरली नाही. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीपासून रेल्वेला तर ती कधी नव्हतीच. नाक्यावर आज अडतो तो बसचा पास.

कायदा करायला हवा. महानगर वाहतूक प्राधिकरणाला कायद्याने पैसा आणि मार्ग दोन्हींचा अधिकार द्यायला हवा. पण त्याला वेळ लागेल, आणि तोवर थांबायचं कारण नाही. ठाणे, मुंबई, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर या चार महापालिकांनी आणि एसटीने फक्त घोडबंदर रोडपुरता करार करावा. कुठल्याही संस्थेचा पास या रस्त्यावर कुठल्याही बसला चालेल, सवलत माणसाच्या वयाला आणि गरजेला मिळेल, बसच्या पाटीला नव्हे, आणि पाच संस्थांचे नियंत्रक एकत्र बसून ठाणे स्टेशनवरून बस दहा मिनिटांच्या अंतराने सोडतील. एवढंच. एक वर्ष चालवून बघावं. जमलं तर तेच कल्याण-शिळ रस्त्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर न्यावं.

महापालिकांचे अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडले जातात. त्यांत परिवहनच्या अनुदानाचा आकडा असतो आणि तो तुमच्या करातून येतो. तुम्ही ठाण्याचे असा, मीरा रोडचे असा की दहिसरचे, त्या आधी आपल्या नगरसेवकाला एक साधं पत्र लिहा आणि एकच प्रश्न विचारा: माझा पास शेजारच्या शहराच्या बसमध्ये कधीपासून चालेल? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.